कोपऱ्यावरच्या नळाचा इतिहास

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी दप्तरकाकांनी पहिला विषय दिला तो 'पाणी आणि मानवजात'. त्यांच्या मार्गदर्शक मॅडमनी तो वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "यातली नेमकी कोणती मानवजात?"

काकांना हा प्रश्न जरा झोंबला. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयात दप्तर सांभाळलं होतं. म्हणून तर बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना दप्तरकाका म्हणत. कुठलाही कागद मागा, काका दोन मिनिटांत काढून देत, आणि देताना अशा नजरेने बघत की माणसाला पुन्हा कागद मागायचा धीर होत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी तरुणपणी अर्धवट सुटलेली पदवी पूर्ण करायला घेतली, तीही इतिहासात. वर्गात पहिल्या दिवशी ते शिरले तेव्हा सगळी मुलं प्राध्यापक आले समजून उभी राहिली. काकांनी हातानेच त्यांना बसवलं. पुढचे पंधरा दिवस मुलं उभी राहत होती आणि काका बसवत होते. खुलासा करायची घाई दोन्ही बाजूंनी कोणी केली नाही.

मॅडम वयाने काकांच्या मुलीएवढ्या. या विद्यार्थ्याला हाक काय मारायची, हा त्यांच्यापुढचा पहिला पेच. नुसतं नाव घेतलं तर उद्धटपणा, 'सर' म्हटलं तर गंगा उलटी वाहायला लागली. एकदा त्यांनी 'अहो' म्हणून पाहिलं, पण ते दोघांनाही बरं वाटलं नाही. शेवटी 'काका' ठरलं.

"काका, आठ हजार शब्द आहेत आणि हातात सहा महिने," मॅडम म्हणाल्या. "विषय लहान करा."

काकांनी केला. 'पाणी आणि मानवजात'चं 'पाणी आणि शहर' झालं, त्याचं 'आपल्या शहराचा पाणीपुरवठा : एक समग्र आढावा' झालं. मॅडमनी 'समग्र' खोडलं, मग 'आढावा' खोडलं, मग 'एक'कडे बघत राहिल्या. "तुम्हाला पायी जाऊन बघता येईल असं काहीतरी घ्या," त्या म्हणाल्या.

काका कॉलेजातून पायीच घरी निघाले. मानवजातीवरून आपली घसरगुंडी कुठे थांबणार या विचारात ते गल्लीच्या कोपऱ्याशी आले, आणि त्यांना नळ दिसला. म्हणजे तो रोजच दिसत होता. इस्त्रीवाल्याच्या टपरीला लागून कमरेएवढा दगडी खांब आणि त्याला एक पितळी तोटी. इस्त्रीवाला तिथून कपड्यांवर मारायचं पाणी घेई, शेजारचा सलूनवाला वाट्या विसळी, टॅक्सीवाले गाड्या धूत आणि नंतर त्याच पाण्याने तोंडं. मागच्या चाळवजा खोल्यांत पाणी दिवसातून तासभरच येई, तिथल्या बायका उरलेला दिवस या नळावर काढत. हा नळ इथे आला कधी आणि आणला कोणी, हे चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

'कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ : उगम आणि वापर'. मॅडमनी विषय एका बैठकीत मान्य केला. काकांनी घरी येऊन तो काकूंना ऐकवला.

"आठ हजार शब्द?" काकू म्हणाल्या. "नळाबद्दल सांगण्यासारखे शब्द दोनच. चालू आणि बंद."

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त विमा एजंट राहत. कुठल्याही गोष्टीत कुठलं तरी कलम सांगायची सवय असल्यामुळे त्यांना कलमदादा म्हणत. ते जिना उतरून मुद्दाम आले आणि म्हणाले, "ज्यांच्याशी बोलाल त्यांच्या सह्या आधी घ्या. उद्या कोणी उलटलं तर तुम्ही कोर्टात कसे उभे राहणार?" काका म्हणाले, कोर्टात उभं राहायचं नाही, परीक्षेला बसायचंय. "तेच ते," कलमदादा म्हणाले आणि प्रस्तावना लिहून द्यायची तयारी दाखवून गेले. समोरच्या वहिनींनी सांगितलं की त्यांच्या भाच्याने अख्खा प्रबंध दोन दिवसांत कॉम्प्युटरवरून उतरवला होता. कशावर होता हे मात्र भाच्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

काका वही घेऊन मुलाखतींना बाहेर पडले. सलूनवाल्याने काकांच्या तोंडाला साबण फासून मगच इतिहास सांगितला, त्यामुळे मध्ये प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सलूनला एकदा आग लागली होती, ती विझवायला पाणी नव्हतं, म्हणून त्याच्या वडिलांनी खटपट करून नळ आणला. इस्त्रीवाला म्हणाला, आगबीग काही लागली नव्हती, पाण्याच्या खात्यातला एक मोठा साहेब त्याच्या बापाकडे कपडे टाकायचा, त्याने कडक इस्त्रीवर खूश होऊन नळ दिला. मागच्या खोल्यांत सत्तरी ओलांडलेली एक मावशी होती, इस्पितळात आयाचं काम करून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "साहेब कसला देतोय. आम्ही बाया भांडी घेऊन हापिसात जाऊन बसलो दिवसभर. उठलोच नाही. आठ दिवसांत नळ आला."

एका नळाचे तीन उगम पाहून काका हबकले आणि मॅडम खूश झाल्या. "छान. तिन्ही लिहा," त्या म्हणाल्या.

"तिन्ही कसे लिहू? खरा एकच असणार. तो फायलीत असेल."

"फाइल खरं सांगते असं तुम्हाला का वाटतं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचीही काकांना गरज वाटली नाही. त्यांनी घरी येऊन आपल्या जुन्या कार्यालयाला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी 'कळावे'. त्या नळाचा मंजुरी आदेश, तारीख, नकाशा आणि फायलीचा क्रमांक मिळावा, अशी विनंती. अर्ज इतका नमुनेदार होता की तो दाबून ठेवणं कार्यालयाला जमलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

दप्तरखान्यात काकांच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी बसत होती. काकांना बघून ती उठली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, अर्ज तीन प्रतींत लागतो."

"तीन कशाला?"

"नियम आहे. आणि दुपारी एकच्या आत. आता सव्वा झालाय."

"हा नियम केला कोणी?"

मुलीने भिंतीवरच्या काचेतल्या कागदाकडे बघितलं. काकांनी आपलं अक्षर ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी तीन प्रती घेऊन बाराला हजर झाले.

अठरा दिवसांनी दोन कागद निघाले. पहिला काकांच्या घरी आला. त्यात लिहिलं होतं की मागितलेली फाइल अकरा वर्षांपूर्वी कालबाह्य म्हणून नष्ट करण्यात आली आहे, यादी सोबत जोडली आहे. यादीत दोनशे सातव्या क्रमांकावर 'कोपरा नळ, किरकोळ' अशी नोंद होती. आणि यादीखाली, ठसठशीत, वळणदार, एकही अक्षर न गाळता, काकांची सही.

काका खुर्चीत बसले. त्यांना तो दिवस चांगला आठवत होता. दप्तर साफ करायचा वरून हुकूम आला होता आणि काकांनी एका दिवसात चारशे फायली काढल्या होत्या. उघडून बघायला वेळ कुठला, पाठीवरचं नाव वाचायचं आणि ढिगात टाकायची. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावलं होतं, पाहुण्यांना बसल्या जागेवरून वाचता येईल अशा उंचीवर. काकांनी यादीची घडी घातली आणि कपाटाच्या खणात शर्टांखाली ठेवून दिली.

दुसरा कागद कार्यालयाच्या माणसाने आणून थेट नळाच्या खांबाला चिकटवला. या नळाची कार्यालयात कुठलीही नोंद आढळत नसल्याने तो अनधिकृत ठरतो, सबब तीस दिवसांत काढून टाकण्यात येईल. वर 'संदर्भ' म्हणून काकांच्या अर्जाचा क्रमांक होता आणि त्यापुढे काकांचं पूर्ण नाव, पत्त्यासकट.

नोटीस कलमदादांनी सगळ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवली. नाव आलं तिथे ते थांबले आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं.

गल्लीत कोणी भांडायला आलं नाही. आलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं. इस्त्रीवाल्याने शर्ट परत दिले ते बाहीवर दोन-दोन घड्या पाडून. सलूनवाला म्हणाला, "आज गर्दी आहे काका," आणि मागे तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. काका नळापाशी आले की टॅक्सीवाल्यांचं बोलणं बंद पडे. काकूंनी भाजी आणायचा रस्ता बदलला. समोरच्या वहिनी दार किलकिलं करून म्हणाल्या, "भाचा दोन दिवसांत मोकळा झाला होता हो," आणि दार लावून घेतलं.

एक मावशी तेवढी घरी आली. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यातच उभी राहिली. "तू नळाचं लिहिणार होतास ना रे बाबा?" तिने विचारलं. "नळच गेला तर काय लिहिशील? आणि आम्ही पाणी कुठनं आणायचं ते पण लिही त्यात."

काका दुसऱ्या दिवशी मॅडमना भेटायला गेले आणि विषय बदलून मागितला. पुन्हा मानवजातीकडे जायचीही त्यांची तयारी होती. मॅडम म्हणाल्या, विषय बदलायची मुदत गेली, आणि त्यांनी काकांचं दुसरं प्रकरण पुढे ओढलं. एका वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. काकांनी लिहिलं होतं, 'सदर फाइल कालौघात नष्ट झाली.'

"कालौघ म्हणजे कोण?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे काळाच्या ओघात. बरीच वर्षं झाली."

"काका, कार्यालयातली फाइल अशी आपली आपण नष्ट होते का? यादी असते असं तुम्हीच मला सांगितलंत. मग यादीवर सही असेल."

"असेल."

"कोणाची?"

"एका कर्मचाऱ्याची."

"नाव?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "अक्षर लागत नाही," ते म्हणाले.

आयुष्यात त्यांच्या अक्षराबद्दल कोणी वावगं बोललं नव्हतं. आज ते काम त्यांनी स्वतःच केलं. 'तळटीप हवी' एवढं समासात लिहून मॅडमनी पानं परत दिली.

त्या आठवड्यात काकूंनी शर्ट लावायला खण उपसला. काका बाहेरून आले तेव्हा टेबलावर यादी उघडी पडली होती आणि काकू चष्मा लावून ती पहिल्या क्रमांकापासून वाचत होत्या.

"ही आपलीच सही ना?" काकूंनी विचारलं.

"किती जणांच्या असतात अशा."

"आपल्या लग्नाच्या नोंदणीवर हीच आहे. एवढी सुवाच्य सही आंधळ्यालासुद्धा लागेल." त्यांनी चष्मा काढला. "मॅडमना सांगितलंत?"

"सांगून काय होणार? चौतीस वर्षांत एक चूक नाही म्हणून लोक नाव घेतात माझं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते म्हणतातच आहेत. मी रोज भाजीला अर्धा मैल लांबून जाते. निदान खरं ते तरी म्हणू देत."

काका पुढे बराच वेळ वाद घालत होते, पण काकू स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि ऐकायला समोर फक्त यादी होती. मग त्यांनी वही घेतली. 'कालौघात' खोडलं. खाली सतरावी तळटीप लिहिली: 'ही फाइल नष्ट करावयाच्या यादीत प्रस्तुत लेखकाने स्वतः घातली. घालण्यापूर्वी ती उघडून पाहिली नाही. यात गल्लीतल्या कोणाचाही दोष नाही.' तीन वाक्यं लिहायला त्यांना पूर्ण दुपार लागली. सबंध दुसरं प्रकरण त्यांनी दोन दिवसांत उरकलं होतं.

मॅडमनी तळटीप वाचली. एकदा काकांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "यादी परिशिष्टात जोडा. आणि फाइल नाही, तर माणसांकडे परत जा. या वेळी ऐकून घ्या. खरा उगम शोधू नका, काय काय आठवतं ते विचारा."

काका मावशीकडे गेले. आधी तिला तळटीप वाचून दाखवली. मावशीने ती समजावून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे तूच टाकलीस होय ती कचऱ्यात. बरं, बस." आणि तिने सगळा दिवस सांगितला. बायका बावीस होत्या. सकाळी दहाला गेल्या, दिवे लागले तरी उठल्या नाहीत. मोठ्या साहेबाने तिला एकटीला खुर्ची दिली, कारण तिचे दिवस भरत आले होते, आठवड्यात मुलगी झाली. आणि दाराशी एक कारकून होता, तो म्हणाला, नोंद केल्याशिवाय आत सोडणार नाही, आणि त्याने एका मोठ्या वहीत काहीतरी लिहिलं.

काका ताडकन उठले. आवक नोंदवही. कार्यालयात येणारं प्रत्येक पत्र आणि प्रत्येक गाऱ्हाणं जिच्यात चढतं ती वही. ती कायमची असते, कुठल्याही यादीत घालता येत नाही, आणि हा नियम काकांच्याही आधीचा होता. मुलीचा वाढदिवस मावशीला पाठ होता, म्हणजे महिनाही कळला. काकांनी तीन प्रतींत अर्ज केला आणि साडेअकरालाच पोचले.

दप्तरखान्यातल्या मुलीने आणि काकांनी मिळून दोन दिवस वह्या चाळल्या. दोघांची नाकं धुळीने बंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "सर, हे बघा." पानावर तारीख होती, आणि पुढे कोण्या नियमनिष्ठ कारकुनाने लिहिलं होतं: 'आवक : स्त्रिया, नग २२. सोबत : भांडी, नग २२. विषय : पाणी.' शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने होतं: 'कोपऱ्यावर नळ द्यावा.'

काकांना त्या अनोळखी कारकुनाच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने बायका नगांवर मोजल्या होत्या, पण मोजल्या होत्या.

कार्यालयाच्या इंजिनिअरसाहेबांनी नोंद बघितली आणि म्हणाले, हा शेरा आहे, आदेश नव्हे. आदेश कुठे आहे, नसेल तर का नाही, आणि आजचा नळ तो हाच कशावरून, हे सांगणारा काहीतरी अहवाल पाहिजे. मुदतीचे नऊ दिवस उरले होते. काकांकडे एकच अहवाल होता. शेवटचं प्रकरण त्यांनी तीन दिवसांत संपवलं. प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवून त्याची प्रत परिशिष्ट तीनमध्ये घातली. फाइल कोणत्या उत्साहात नष्ट झाली याचा पुरावा म्हणून. एक प्रत कॉलेजात दिली आणि एक अर्जासोबत जोडली. कलमदादांनी या वेळी वाचताना एकही कलम सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "सतरावी काढली असती तरी चाललं असतं." काका म्हणाले, "नसतं चाललं."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. सलूनवाल्याने काकांकडून पाकीट घेतलं आणि दुकानासमोर वाचलं. 'सोबतचा लघुप्रबंध वाचला. तळटीप सतरा पाहता, नोंद न आढळण्यात नागरिकांची चूक नसून ती या कार्यालयाची आहे. नोटीस रद्द. नळ नियमित करावा.' कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सलूनवाल्याने खुर्ची झटकली आणि म्हणाला, "बसा काका. दाढी वाढलीय."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जाड चष्म्याचे आणि कमी बोलणारे होते. त्यांनी पानं मागेपुढे केली आणि विचारलं, "आग, इस्त्री आणि बावीस बायका. शेवटी तुमच्या मते नळ कोणी आणला?"

"बायकांची नोंद सापडलीय," काका म्हणाले. "पण इस्त्रीवाल्याचा साहेब आणि तो लाल शाईवाला साहेब एकच असेल, तर त्या दिवशी त्याचे कपडे कडक असणार. आगीची नोंद माझ्याकडे नाही. नाही म्हणून ती लागली नाही, असं मी आता म्हणणार नाही."

परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम टेबलाकडे बघत होत्या, पण त्यांना हसू आवरत नव्हतं.

शंभरापैकी एकसष्ट गुण पडले. शेऱ्यात लिहिलं होतं: 'साधनांची हाताळणी प्रामाणिक. भाषा फार कार्यालयीन. "सदर" हा शब्द एकशे बारा वेळा आला आहे.' काकांनी स्वतः मोजले. एकशे चौदा भरले. परीक्षकांना कळवावं की नाही यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग सोडून दिलं.

नळ नियमित झाल्याचा फॉर्म कार्यालयाने पाठवला तो काकांनी नीट वाचला नाही, ही त्यांची आणखी एक चूक. त्यात 'देखभालीसाठी संपर्क' असा एक रकाना होता, आणि गल्लीतला एवढा एकच माणूस माहीत असल्यामुळे दप्तरखान्यातल्या मुलीने तिथे काकांचं नाव आणि पत्ता टाकला होता. गल्लीने तो रकाना मात्र नीट वाचला. पाणी बारीक आलं, गढूळ आलं, आलंच नाही, की लोक काकांच्या दारात. एक टॅक्सीवाला तर पाणी फार गार येतं म्हणूनही सांगून गेला.

पदवीदानाचं आमंत्रण आलं त्या सकाळी काका आरशासमोर उभे राहून काळा झगा घालून बघत होते. बेल वाजली. काकूंनी दार उघडलं, इस्त्रीवाल्याचं ऐकून घेतलं आणि आत येऊन वायसर आणि पाना काकांच्या हातात दिला.

"झगा काढून जा," त्या म्हणाल्या. "तुमचा प्रबंध गळतोय."